आधी चावी, मग स्पीड

फेड या जुन्या सोव्हिएत कॅमेऱ्याच्या माथ्यावर स्पीडची एक चकती असते, रुपयाच्या नाण्याहून लहान. तिच्या कडेने तीस, साठ, सव्वाशे असे आकडे कोरलेले असतात आणि मधल्या खुंटीवर एक ठिपका असतो. कॅमेरा धड असेल तर ठिपका कुठल्यातरी आकड्यासमोर येऊन थांबतो. त्या गुरुवारी तो साठ आणि सव्वाशेच्या मध्ये थांबला होता, साठकडे किंचित झुकून. मी भिंग लावून पाहिलं. चकतीच्या दात्यांतला जुना मळ जागचा हलला नव्हता. म्हणजे पक्कड लावलेली नव्हती. कुणीतरी बोटांनीच, हळूच फिरवली होती.

“परत अडकला,” घरत म्हणाले.

“दिसतंय.”

“हा फेडच तसा आहे. चिडका. आमच्या मोठ्या काकांसारखा.”

“तुमचे काकाही तीनदा अडकले होते?”

“काका एकदाच अडकले. लग्नात. पण ते शेवटपर्यंत सुटलेच नाहीत.”

मी हसले आणि कॅमेरा कापडावर पालथा ठेवला. फेडचा एक नियम आहे. आधी चावी फिरवून रीळ पुढे घ्यायचं, त्याबरोबर आतलं शटर ताणलं जातं. मगच स्पीडची चकती उचलून फिरवायची. उलटं केलं की चकतीखालची बारीक पिन भलत्या खाचेत बसते आणि पुढच्या वेळी सगळंच अडकतं. जपानी कॅमेऱ्यांना असलं काही लागत नाही, म्हणून ते वापरलेल्या माणसालाही हा नियम नव्याने शिकावा लागतो. रेवदंड्यात तो विनेश घरतांनी शिकवला. मागच्या वर्षी सरावाच्या दिवशी त्यांनी आमच्या फोटो-स्पर्धेतल्या सगळ्यांना माझ्या पडवीसमोर रांगेत उभं केलं होतं आणि प्रत्येकाकडून म्हणवून घेतलं होतं, आधी चावी, मग स्पीड. मासळी विकणाऱ्या ठमीने तर त्याला चाल लावली होती.

कॅमेरे माझ्या वडिलांचे. ते मालवाहू जहाजावर खलाशी होते. जहाज ओडेसा बंदराला लागलं की बाकीचे खलाशी घड्याळं घेत, वडील कॅमेरे घेत. मुंबईत उतरल्यावर विकायचे, असा विचार असे. पण त्यांना घासाघीस जमत नसे, आणि कुणी भाव पाडून मागितलं की ते वस्तू परत कापडात गुंडाळून घरी आणत. असे आठ कॅमेरे घरात राहिले. तीन झेनिट, दोन फेड, एक झोर्की आणि दोन स्मेना. वडिलांनी स्वतः त्यांतल्या एकानेही कधी फोटो काढला नाही. त्यांना विचारलं तर म्हणत, “दर्या रोज दिसतो, तुम्ही रोज दिसत नाही, आणि तुम्ही समोर असलात की मला फोटो काय करायचाय?”

ते गेले, अम्मी गेली, धाकट्या दोन्ही बहिणी लग्न होऊन एक महाडला आणि एक कुवेतला गेली. मी थळजवळच्या खत कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली आणि निवृत्त झाले. लग्न केलं नाही, त्याला काही मोठं कारण नव्हतं. निवृत्त झाल्यावर ट्रंक उघडली, एक कॅमेरा उचलला आणि बाजारातल्या घरत फोटो स्टुडिओत घेऊन गेले. घरतांनी तो हातात घेतला, कानाशी नेला आणि शटर दाबून ऐकलं. मग म्हणाले, “तैयबाबाई, हा जिवंत आहे.” स्टुडिओ गुरुवारी बंद असतो. पुढच्या गुरुवारी ते उरलेले कॅमेरे बघायला आले, आणि त्यानंतर येतच राहिले.

आम्ही पडवीत बसतो. रस्त्यावरून दिसेल अशा बाजूला टेबल आहे. घराचं दार सताड उघडं असतं आणि ते उंबऱ्याच्या आत कधी आलेले नाहीत. हे कुणी ठरवलं नाही. ते विधुर, मी एकटी, गाव लहान, तेव्हा ठरवायची गरजही नव्हती. मी रोल धुवायला आत न्हाणीघरात जाते तेव्हा ते पडवीत खिडकीशी बसतात आणि मनगटावरच्या घड्याळात पाहून दर मिनिटाला हाक देतात, “पालटा.” मी आत रोलचा डबा पालटते. दोन हाकांच्या मध्ये ते खिडकीतून काहीतरी सांगत असतात. मिनिटात मावेल एवढीच गोष्ट असते. एखाद्या लग्नात नवरदेवाचे बूट चोरीला गेले आणि त्याचा फोटो कंबरेपासून वर काढावा लागला, असलं काही. पुष्कळदा गोष्ट अर्धवट राहते, कारण मध्येच पालटा येतं आणि नंतर त्यांना दुसरीच आठवते. रसायन मी स्वतः मिसळते. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट, बोरॅक्स. प्रयोगशाळेत तीस वर्षं युरिया तपासला, त्यापेक्षा हे काम सोपं आहे आणि याचा परिणाम डोळ्यांना दिसतो.

स्पर्धेची कल्पना त्यांचीच. आठ कॅमेरे, आठ माणसं, प्रत्येकाला एक रोल आणि एक दिवस. चिठ्ठ्या टाकून कॅमेरे वाटायचे. उजेड मोजायचं यंत्र नाही, मोबाइल नाही. भिंगाचं छिद्र उन्हात सोळावर, ढगात आठवर, बाकी ज्याचं त्याने ठरवायचं. “जिंकणं महत्त्वाचं नाही,” ते म्हणाले होते, “पण कुणीतरी जिंकलं पाहिजे, नाहीतर आपली माणसं येणार नाहीत.”

त्याच दिवशी, चहाचा कप खाली ठेवता ठेवता, ते असंही म्हणाले होते, “एवढी स्पर्धा झाली की मी उरणला राहायला जाईन. ऋत्विक बोलावतोय. स्टुडिओत आता आधार कार्डाच्या फोटोंशिवाय उरलंय काय.” ऋत्विक त्यांचा मुलगा. तिथे बंदराजवळ कंटेनर यार्डात सुपरवायझर आहे. हे त्यांनी अगदी सहज सांगितलं, शेजाऱ्याची छत्री परत करायची राहिली आहे, तशा आवाजात.

त्याला तीन वर्षं होत आली. पहिल्या हिवाळ्यात झोर्कीच्या शटरच्या पडद्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं सापडली. काळा रबरी रंग लावून ती बुजवण्यात पूर्ण हंगाम गेला. दुसऱ्या वर्षी मी सगळ्या कॅमेऱ्यांचे स्पीड मोजले. एक प्रकाशसंवेदी डायोड तारेने लॅपटॉपच्या माइकच्या भोकात जोडला की शटर किती वेळ उघडं राहिलं ते दिसतं. एका झेनिटचा पाचशेचा स्पीड प्रत्यक्षात तीनशेच निघाला. मी म्हटलं, हा अन्याय आहे, ज्याला हा कॅमेरा मिळेल त्याचे सगळे फोटो उजळ येतील, आधी हे दुरुस्त करू. मग विषयावरून वाद झाला. घरतांना ‘माणसं’ हा विषय हवा होता, मला ‘सावली’. ठमी म्हणाली, ‘भाकरी’ ठेवा, निदान फोटो काढून झाल्यावर खाता येईल. विषय ठेवायचाच नाही, एवढं ठरायला पावसाळा आला.

यातलं काहीही खोटं नव्हतं. भोकं होती, तीनशेचा आकडा खरा होता. पण भोकं सापडली तेव्हा मला वाईट वाटलं नाही, हेही खरं आहे.

कारण गुरुवार सोडला तर आठवड्यात मला बोलायला फारसं कुणी नसतं. दूधवाला पिशवी अडकवून जातो. कुवेतची बहीण व्हॉट्सॲपवर फुलांची चित्रं पाठवते. आवाज न वापरल्याने घोगरा होतो आणि गुरुवारी पहिलं वाक्य नीट फुटत नाही, म्हणून बुधवारी संध्याकाळी मी वर्तमानपत्रातली एखादी बातमी मोठ्याने वाचते. बहुतेक वेळा हवामानाची. तीत नावं कमी असतात.

या वर्षी गणपती झाल्यावर मी सगळे कॅमेरे पुन्हा तपासले. एकातही दोष निघाला नाही. रोल फ्रिजमध्ये तयार होते. पुढे ढकलायला काही कारण उरलं नव्हतं, आणि तेव्हाच दोनपैकी हा एक फेड अडकायला लागला. त्याच्या भिंगाचा फोकस जुळवायला घरत तो स्टुडिओत घेऊन गेले होते. पहिल्यांदा अडकला तेव्हा मी पिन सरळ करून दिली. दिवाळीच्या आधी परत अडकला. आता तिसऱ्यांदा.

“बघा, होईल तेव्हा होईल,” घरत म्हणाले. त्यांच्या उजव्या मनगटाला चिकटपट्टी होती. “फेड नसेल तर एक माणूस बसून राहील. बरं दिसणार नाही.”

“मनगटाला काय झालं?”

“ट्रायपॉड पडला.”

“मनगटावर?”

“मी धरायला गेलो. सवय वाईट.”

तेवढ्यात फाटकाची कडी वाजली आणि ठमी आली. ती रेवदंड्याच्या कोळीवाड्यातली, सकाळी बाजारात मासळी विकते आणि उरलेली परत नेताना माझ्याकडे थांबते. पूर्वी एकदा टेबलावरचा स्मेना तिने उचलून पाहिला होता. हलका आहे, म्हणाली, पाटीत राहील. तेव्हापासून ती आमच्या आठांतली एक.

“काय तैयबा बाय,” तिने पाटी पायरीवर टेकवली. “यंदा तरी व्हनार का न्हाय तुमची शर्यत? का माझी नात काढनार फोटू?”

“फेड बिघडलाय, ठमी,” घरत म्हणाले.

“तुमचा फेड काय सासरी नांदायला गेलेली पोर हाय काय? दर महिन्याला रडत परत येतोय.”

“जुना आहे तो.”

“तुमीबी जुनं हाव. तुमी कुठं अडकताव?” तिने पाटीतून वाटाभर कोलंबी काढून मी पुढे केलेल्या ताटलीत ओतली. “हे बघा, मी सांगून ठेवलंय. उधाणात मला येळ न्हाय. तवा आमची डोल जाळी लागते, म्हावरा येतो, मला मान वर करायला मिळत न्हाय. भांगात पानी मरतं, होड्या कोरड्या असतात. भांगातला रविवार धरा. असा रविवार एक सोडून एक येतो. तुमाला दिसत कसा न्हाय?”

घरतांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोलंबीकडे पाहिलं.

“आज कॅमेरा नीट करते,” मी म्हटलं. “मग बघू.”

“बघा, बघा,” ठमी म्हणाली. “तुमचं बघून होईस्तवर माझं डोलं जातील.”

ते दोघं गेल्यावर मी फेड उघडला. घड्याळजीच्या पेचकसाने माथ्यावरचं झाकण काढलं, चकती उचलली. पिन त्याच बाजूला, तेवढीच वाकली होती. बाकी कशालाही इजा नव्हती. नवखा माणूस चूक करतो तेव्हा चकती अडली की जोर लावतो, आणि जोराच्या खुणा राहतात. इथे ज्याने फिरवली होती त्याला कुठे थांबायचं ते माहीत होतं.

ठमीकडे सरावाला स्मेना आहे. औषधांच्या दुकानातला गणराज झेनिटवर सराव करतो. बाकीच्यांकडेही हा फेड कधी गेलेला नाही. तो दिवाळीपासून फक्त एका माणसाकडे होता.

मी पिन चिमट्याने सरळ केली आणि भिंगाखाली पाहिली. वाकण्याच्या जागी पृष्ठभाग मंद झाला होता, आणि एक केसासारखी रेष दिसत होती. धातू एकदा वाकवून सरळ केला की तिथे थोडा कडक होतो आणि थोडा ठिसूळ. एवढ्या बारीक पिनेला हे फार वेळा सोसत नाही. मी कॅमेरा बंद केला, काही वेळ हातात धरून बसले आणि मग भात लावायला उठले.

रविवारी सकाळी ऋत्विक आला. उरणजवळच्या करंजाहून लाँचने रेवसला आणि तिथून मोटारसायकलने. हेल्मेट हातात धरून तो पडवीच्या पायरीशी उभा राहिला. त्याला मी लहानपणी स्टुडिओच्या काउंटरखाली बसून बिस्किटं खाताना पाहिलं आहे. आता कानांजवळ केस पांढरे होताहेत.

“मावशी, बाबांना सांगू नका मी आलो होतो. ॲक्च्युअली मी त्यांच्याकडेच चाललोय. आधी म्हटलं तुम्हाला विचारावं.”

“बस. चहा टाकते.”

“नको, बसतो फक्त.” तो बसला, हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि लगेच उचलून खाली ठेवलं. टेबलावर कॅमेरे होते. “स्पर्धा नक्की कधी आहे?”

“ठरतंय.”

“बाबा पण हेच म्हणतात. सेम शब्द.” तो हसला, पण फारसं नाही. “ते जिन्यावरून पडले ते बोलले का तुम्हाला?”

“ट्रायपॉड पडला म्हणाले.”

“ट्रायपॉड कसला. स्टुडिओवरच्या खोलीचा जिना. पहाटे खाली येत होते. अर्धा तास तिथेच बसून होते, कुणाला हाक मारली नाही. शेजारच्या मोबाइलवाल्याने दुकान उघडलं तेव्हा त्याने पाहिलं. त्याने मला फोन केला, बाबांनी नाही केला.”

अर्धा तास जिन्यात बसलेला माणूस मला दिसत होता. गुरुवारी खिडकीशी बसतात तसेच बसले असणार, घड्याळ बघत.

“जबरदस्ती करायची नाहीये मला,” ऋत्विक म्हणाला. “गेली तीन वर्षं एकच उत्तर, स्पर्धा झाली की येतो. माझी बायको शिवानी म्हणते, शब्द दिलाय ना, येतील. हे बघा.” त्याने मोबाइल पुढे केला.

फोटोत एक लहान बाथरूम होतं. झरोक्याला काळा कागद चिकटवलेला, भिंतीला एक फळी, फळीवर तीन प्लॅस्टिकचे ट्रे एकात एक घातलेले, आणि छताला लाल बल्ब.

“फ्लॅट घेतला तेव्हाच बाबांना फोटो धुवायला केलं. लाल बल्ब कुठे मिळेना. शेवटी शिवानीला गणपतीच्या डेकोरेशनवाल्याकडे मिळाला. तेव्हापासून ते बाथरूम आम्ही वापरत नाही. पाहुणे आले की एकाच बाथरूमसमोर लाइन लागते. माझा मेहुणा म्हणतो, तुमच्याकडे बाथरूमचं स्मारक आहे.”

मी फोटो दोन बोटांनी मोठा केला. “फळी फार उंच आहे,” मी म्हटलं. “त्यांचा हात पोचेल, पण ट्रे भरलेला असेल तेव्हा सांडेल. कोपराच्या उंचीला घे.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “घेतो. आजच घेतो.”

तो गेल्यावर मी बराच वेळ पडवीतच बसले. फेड मुद्दाम अडकवला जात होता, या एका निरीक्षणाला दोन स्पष्टीकरणं बसत होती. एक, त्यांना उरणला जायचं नाही. दुसरं, त्यांना इथून निघायचं नाही. ऐकायला दोन्ही वाक्यं एकच वाटतात, पण एक नाहीत. पहिल्यात मी कुठेही नाही. दुसऱ्यात असेन किंवा नसेन. स्टुडिओ आहे, त्याच्यावरची खोली आहे, बायको गेल्यानंतर तिथेच काढलेली वर्षं आहेत, आणि या सगळ्यात एक गुरुवार आहे. प्रयोगशाळेत असं झालं की आम्ही तिसरी चाचणी करायचो, जी दोघांपैकी एकालाच लागू पडेल. इथे चाचणी सोपी होती. विचारायचं. विचारलं तर ते खरं तेच सांगतील, एवढा मला त्यांचा भरवसा होता. पण मग उत्तराचं काय करायचं ते मला ठरवावं लागलं असतं. जिन्यात एकटा बसलेला माणूस आणि तीन वर्षं एक बाथरूम रिकामं ठेवणारी माणसं, यांच्यात ते उत्तर मला ठेवता आलं नसतं.

बुधवारी मी हवामानाची बातमी वाचली. मग ठमीच्या हिशेबाने पंचांग पाहिलं. डिसेंबरातल्या एका रविवारी वद्य दशमी होती.

गुरुवारी घरत नेहमीच्या वेळी आले. सोबत भाजलेल्या शेंगांची पुडी होती. चिकटपट्टी निघाली होती, मनगट अजून सुजलेलं होतं. ठमी आधीच पायरीवर बसली होती आणि बक्षिसाबद्दल बोलत होती.

“जो जिकंल त्याला सुकं बोंबील. एक जुडी. मी देनार.”

“बोंबलाचा वास लागला तर फोटोंची फ्रेम कोण भिंतीवर लावणार?” घरत म्हणाले.

“तुमची फ्रेम तुमी ठेवा. माझं बोंबील नगो म्हननारा मानूस मला दाखवा.”

“आणि तूच जिंकलीस तर?”

“तर माझं बोंबील मला. घरच्या घरात ऱ्हातील.”

मी फेड त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो उचलला. ठमीकडे बघत, तिच्याशी बोलतच होते. उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने चावी फिरली, पूर्ण, थांबेपर्यंत. मग दोन बोटांनी चकती उचलली, सव्वाशेवर आणली, सोडली. शटर दाबलं. परत चावी. परत चकती, या वेळी अडीचशे. परत शटर. ते एकदाही कॅमेऱ्याकडे पाहत नव्हते. तो क्रम त्यांच्या मनात नव्हता, हातात होता. असा हात चुकून उलटं करूच शकत नाही. उलटं करायला त्याला थांबावं लागतं, आणि थांबून ठरवावं लागतं.

मी त्यांच्या बोटांकडे पाहत होते. मधेच त्यांच्या ते लक्षात आलं. बोटं थांबली. त्यांनी कॅमेरा टेबलावर ठेवला, अगदी सावकाश, आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

ठमीने एक शेंग फोडली. रस्त्यावरून कुणाचातरी टेम्पो गेला.

“बरा झाला की,” ते म्हणाले.

“हो. पिनेला चीर आहे. आता परत अडकला तर तुटेल. तशी पिन मिळत नाही.”

“नाहीच मिळणार,” ते म्हणाले. “जपायला हवा.”

“हो.”

“मी स्टुडिओत नेत नाही मग. इथेच राहू दे.”

“राहू दे.”

ते माझ्याकडे पाहत नव्हते. शेंगांची पुडी त्यांनी नीट घडी घालून माझ्या बाजूला सरकवली. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी नावाने किंवा कसल्या नात्याने हाक मारलेली नाही. समोर बसलेल्या माणसाला हाक मारायची वेळ येत नाही. आत्ता मात्र काहीतरी म्हणून सुरुवात करायला हवी होती, आणि माझ्याकडे त्यासाठी शब्द नव्हता.

“आता काय न्हाय ना बिघडलेलं?” ठमीने विचारलं. “का आजून काय सापडलंय तुमाला? भिंग, बिंग?”

“झोर्कीचा पडदा परत एकदा बघावा का?” घरत म्हणाले. आवाज हलका ठेवला होता. “रंग सुकून तडकतो कधीकधी.”

“बघितला. तडकलेला नाही.”

“रोलची तारीख?”

“पुढच्या वर्षापर्यंत आहे.”

“गणराजला दुकान सोडून येता येईल ना?”

“त्याला विचारलं. त्याचा भाऊ बसेल दुकानात.”

घरतांनी मान वर केली आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात प्रश्न होता, आणि मी विचारलं असतं तर कदाचित उत्तरही होतं. मी विचारलं नाही. ते थांबले होते, मी आणखी एखादा दोष काढते का याची वाट बघत. मला दिसत होतं की मी काढला असता तर त्यांनी तो लगेच मान्य केला असता, भिंग न लावता.

“बाय, बोला ना,” ठमी म्हणाली. “मला पाटी उचलायचीय.”

माझा आवाज घोगरा आला. बुधवारी बातमी वाचलेली असूनही.

“चौदा डिसेंबर, रविवार. दशमी आहे, भांग आहे. स्पर्धा त्या दिवशी होईल,” मी म्हटलं. “आणि सोमवारी ऋत्विकला टेम्पो घेऊन यायला सांगा.”